जत्रा त्यांची, दुकान आपलं

२४ मे २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये फेसबुकने 'एफ-एट' नावाचा मेळावा भरवला. कंपनी तीन वर्षांची, मालक मार्क झुकरबर्ग तेवीस वर्षांचा आणि वापरणारे अडीच कोटींच्या आत-बाहेर. प्रतिस्पर्धी मायस्पेस तेव्हा कितीतरी पुढे होती. पण त्या दिवशी झुकरबर्गने केलेल्या घोषणेने भल्याभल्यांची झोप उडवली. यापुढे फेसबुकच्या आत चालणारी ॲप्स कोणीही बनवावीत, ती लोकांपर्यंत न्यावीत, आणि त्यांच्या पानांवरच्या जाहिरातींचा पैसा ज्याचा त्याने खिशात घालावा! ६५ कंपन्यांची मिळून ८५ च्या आसपास ॲप्स त्याच दिवशी तयार होती.

त्यातलं एक होतं 'आयलाइक'. आपल्याला कोणतं संगीत आवडतं ते मित्रांना कळवायचं, एवढाच त्याचा व्याप. अली आणि हादी पार्तोवी या जुळ्या भावांची ही सिएटलची छोटी कंपनी. ॲप खुलं झालं आणि लोक असे तुटून पडले की होते नव्हते ते सर्व्हर एका दिवसात अपुरे पडू लागले. नवे मागवून बसवायला सवड कुठली! भावांनी सिलिकॉन व्हॅलीतल्या ओळखीपाळखीच्या कंपन्यांना निरोप धाडले, 'तुमच्याकडे पडून असलेले सर्व्हर असतील तर उसने द्या.' काही आठवड्यांत लाखो लोक आयलाइक वापरू लागले. दोनच वर्षांनी, २००९ मध्ये, ही कंपनी मायस्पेसला विकली गेली.

सोशल नेटवर्कवर ॲप बनवणं म्हणजे जत्रेत दुकान लावणं. गर्दी आयती मिळते. पण ती आलेली असते देवाला आणि मैदान असतं ट्रस्टचं. कोणत्या रांगेत कोण बसणार हे ट्रस्ट ठरवतो, आणि पुढच्या वर्षी तीच जागा मिळेल याची हमी कोणी देत नाही. २००७ पासून या व्यवहारात काही जण कोट्यधीश झाले, काहींची दुकानं रातोरात उठली, आणि ज्यांच्या जिवावर हे सगळं चाललं त्या सामान्य माणसांची माहिती भलतीकडेच जाऊन पडली.

नात्यांचं गणित

इंटरनेटवर माणसं जमवण्यात मराठी मंडळी मागे नव्हती. अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेतून 'मायबोली' सुरू केली ती १९९६ मध्ये. परदेशी गेलेले मराठी लोक तिथे गप्पा मारत, पाककृती विचारत, कविता टाकत. पण मायबोली विषयाभोवती जमायची. अमेरिकेत १९९७ मध्ये अँड्र्यू वाइनरिच यांनी काढलेल्या 'सिक्सडिग्रीज'ने दुसरा मार्ग धरला. तिथे आधी माणसाने आपल्या मित्रांची यादी द्यायची. मित्रांच्या याद्या एकमेकींना जोडल्या की जाळं तयार. आज ज्याला आपण सोशल नेटवर्क म्हणतो त्याचा पाया ही यादीच. सिक्सडिग्रीज फार लवकर आली. लोकांचे मित्र तेव्हा इंटरनेटवरच नव्हते, मग यादीत घालणार कोणाला? काही वर्षांत तिचा गाशा गुंडाळला गेला.

जोनाथन अब्राम्स यांच्या 'फ्रेंडस्टर'चं दुखणं नेमकं उलट होतं. २००३ मध्ये तिथे इतकी झुंबड उडाली की गूगलने ती तीन कोटी डॉलरना विकत मागितली. अब्राम्स यांनी नकार दिला. मग पानं उघडायला वेळ लागू लागला, आणि लोक कंटाळून निघून गेले.

पानं का रखडायची, हे समजून घेण्यासारखं आहे. समोरचा माणूस आपल्याला कोणत्या साखळीने जोडलेला आहे ते फ्रेंडस्टर दाखवायची. मित्राच्या मित्राच्या मित्राचा मित्र, असं चार पायऱ्यांपर्यंत. एकाचे १५० मित्र धरा. दुसऱ्या पायरीवर २२,५०० माणसं होतात. तिसरीवर ३३ लाख ७५ हजार. चौथीवर ५० कोटी ६२ लाखांच्या वर. प्रत्यक्षात मित्र सामाईक असतात, त्यामुळे आकडा खूप खाली येतो. तरी हा हिशेब पान उघडताना करत बसायचा म्हणजे सर्व्हरचा जीव जाणारच. वैशिष्ट्य म्हणून मिरवायची तीच गोष्ट फ्रेंडस्टरला नडली.

फेब्रुवारी २००४ मध्ये हार्वर्डच्या वसतिगृहातून निघालेल्या फेसबुकने हे ओझं अंगावर घेतलंच नाही. प्रत्येक कॉलेज वेगळं, त्याचा डेटाबेस वेगळा. कोलंबियाचा विद्यार्थी कोलंबियातल्यांनाच पाहणार. नवं कॉलेज जोडायचं तेव्हा नवा सर्व्हर उभा करायचा. वाढ हळू झाली, पण साइट कोलमडली नाही. या धंद्यात ही फार मोठी गोष्ट होती.

भारतात मात्र तेव्हा बोलबाला होता ऑर्कुटचा. ऑर्कुट ब्युयुककोकतेन या तुर्की वंशाच्या गूगल इंजिनिअरने जानेवारी २००४ मध्ये ते सुरू केलं आणि अमेरिकेने पाठ फिरवली तरी ब्राझील आणि भारत त्याच्या प्रेमात पडले. एकमेकांच्या स्क्रॅपबुकात लिहायचं, तेही गावाला दिसेल असं. मित्रांकडून टेस्टिमोनियल मागून घ्यायचं. 'फॅन' किती झाले ते मोजायचं. सर्व्हर थकला की पडद्यावर इंग्रजीत सर्व्हरला दटावणारी ओळ यायची, की वाईट सर्व्हरा, तुला डोनट नाही! सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून बसलेल्या पोरांना तिचा भारी राग यायचा. कोणी कशावरही कम्युनिटी काढायचा, आणि त्यातून तंटेही उभे राहत. २००६ मध्ये भारतविरोधी मजकुराच्या एका कम्युनिटीवरून मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गूगलला नोटीस काढली होती. लोकांनी लिहिलेल्याला जबाबदार कोण, हा प्रश्न महाराष्ट्रात कोर्टापर्यंत पोचला तो असा. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट कायमचं बंद झालं.

पुण्याच्या मुलीचा फीड

फेसबुकची पहिली महिला इंजिनिअर पुण्यात वाढलेली. रुची संघवी शिकायला अमेरिकेत कार्नेगी मेलनला गेल्या आणि २००५ मध्ये फेसबुकमध्ये दाखल झाल्या. ज्या 'न्यूज फीड'शिवाय आज कोणतंच सोशल नेटवर्क सुचत नाही, ते बनवणाऱ्या मोजक्या लोकांत त्या होत्या, आणि त्याची घोषणाही त्यांच्याच नावाने झाली.

त्याआधी फेसबुक म्हणजे नुसती पानांची चवड. मित्राने काय लिहिलं ते पाहायला त्याच्या पानावर जावं लागे. ५ सप्टेंबर २००६ रोजी सकाळी लोकांनी लॉगिन केलं तर पहिल्याच पानावर सगळ्यांच्या उठाठेवी ओळीने मांडलेल्या! कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं फिस्कटलं, कोणी फोटो बदलला, सगळं चव्हाट्यावर. गहजब झाला. फीडच्या विरोधातल्या एका गटात काही दिवसांतच सात लाखांवर लोक सामील झाले. फेसबुकचे एकूण वापरकर्ते तेव्हा एक कोटीच्या घरात होते, म्हणजे हा आकडा किरकोळ नव्हता. गंमत अशी की तो गट इतक्या वेगाने फुगला तो फीडमुळेच. 'तुझा मित्र या गटात सामील झाला' ही बातमी फीडच घरोघर पोचवत होता. कंपनीने माफी मागितली, कोणाला काय दिसावं याची बटणं दिली, पण फीड काढला नाही.

फीड चालवणं हे यंत्रांच्या दृष्टीने अवघड काम. त्याचे दोन मार्ग. कोणी काही लिहिलं की ते लगेच त्याच्या प्रत्येक अनुयायाच्या यादीत टाकून ठेवायचं, हा एक. वाचणाऱ्याने पान उघडलं की त्याच्या मित्रांचं ताजं लिखाण गोळा करून आणायचं, हा दुसरा. ट्विटरने मुख्यतः पहिला धरला, फेसबुकने दुसरा. पहिल्यात वाचन झटपट होतं. पण सचिन तेंडुलकरने एक ओळ लिहिली की कोट्यवधी याद्यांत ती भरायची, म्हणजे झाली पंचाईत. म्हणून अशा मोठ्या लोकांसाठी ट्विटरला निराळी सोय करावी लागली: त्यांच्या ओळी याद्यांत भरायच्या नाहीत, वाचणारा आला की तेव्हा मिसळायच्या.

पुढे ॲप्स बनवणाऱ्यांचं फावलं ते या फीडमुळे. जाहिरातीवर दमडी न खर्चता 'तुझ्या मित्राने हे ॲप घेतलं' ही बातमी आपोआप पसरायची.

नुसता एक आकडा

२००७ चं फेसबुक ॲप चालायचं कसं? समजा, कोल्हापुरातल्या एका मुलाने मित्रांचे वाढदिवस दाखवणारं ॲप बनवलं आणि एका भाड्याच्या सर्व्हरवर ठेवलं. वापरणारा फेसबुकवर त्या ॲपचं पान उघडतो. त्याची मागणी आधी फेसबुकच्या सर्व्हरकडे जाते. फेसबुक ती कोल्हापूरकराच्या सर्व्हरकडे धाडतं. तो सर्व्हर जे पान परत पाठवतो त्यात मित्राचं नाव नसतंच. असतो फेसबुकने त्या मित्राला दिलेला एक आकडा आणि 'इथे याचं नाव घाल' अशी खूण. या खुणांची एफबीएमएल नावाची भाषाच फेसबुकने बनवली होती. फेसबुक त्या आकड्याच्या जागी नाव भरतं, फोटो लावतं आणि तयार पान वापरणाऱ्याला दाखवतं. दोघांमध्ये हा मध्यस्थ कायम उभा.

त्याला एक नियम जोडलेला होता. आकडा कायम ठेवायला हरकत नाही. बाकीची बहुतेक माहिती चोवीस तासांहून अधिक काळ आपल्या सर्व्हरवर ठेवायची नाही. हवी असेल तर पुन्हा मागायची. नियम कागदावर कडक होता, पण माहिती एकदा दुसऱ्याच्या यंत्रावर गेली की तो ती पुसतो की नाही, हे बघायला कोण जाणार?

एप्रिल २०१० च्या एफ-एट मेळाव्यात झुकरबर्गने हा चोवीस तासांचा नियम रद्द केल्याचं सांगितलं, तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारे इंजिनिअर होते. ज्यांची माहिती साठवली जाणार होती, त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

चार तासांत स्ट्रॉबेरी

२००७ च्या हिवाळ्यापूर्वीच्या सत्रात स्टॅनफर्ड विद्यापीठात बी. जे. फॉग आणि डेव्ह मॅकक्लूर यांनी फेसबुक ॲप्स बनवण्याचा वर्ग घेतला. ७५ विद्यार्थी. दहा आठवड्यांत त्यांची ॲप्स मिळून एक कोटी साठ लाख लोकांपर्यंत गेली. फार बुद्धी लागावी असं त्यांत काही नव्हतं. कोण किती आकर्षक आहे ते मित्राला कळवणारं एक ॲप होतं आणि ते चांगल्या किमतीला विकलं गेलं. वर्गात शिकवला गेला तो एक मंत्र: झटपट बनवा, लोकांपुढे टाका, आकडे बघा, बदला.

त्याच वर्षी कोलकात्यात रजत आणि जयंत आगरवाला या भावांनी 'स्क्रॅब्युलस' फेसबुकवर आणलं. इंग्रजी शब्द जुळवण्याचा स्क्रॅबलसारखा खेळ. अमेरिकेतली बहीण आणि मुंबईतला भाऊ दिवसाला एकेक चाल खेळत. रोज पाच लाखांच्या आसपास लोक खेळू लागले, तसे स्क्रॅबलचे मालक जागे झाले. अमेरिका-कॅनडात हक्क हॅस्ब्रोचे, बाकी जगात मॅटेलचे. हॅस्ब्रोने जुलै २००८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दावा लावला आणि त्या महिनाअखेर अमेरिका-कॅनडातून खेळ उतरवावा लागला. मॅटेल दिल्ली उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २००८ मध्ये न्यायालयाने निवाडा दिला की स्क्रॅब्युलस हे नाव स्क्रॅबलशी गोंधळ करणारं आहे, ते वापरता येणार नाही. पण खेळाच्या नियमांवर आणि पटाच्या मांडणीवर कॉपीराइट सांगता येणार नाही. भावांनी 'लेक्स्युलस' असं नवं नाव घेतलं. कायद्याच्या अंगाने त्यांनी बरंच राखलं, तरी ओसरलेली गर्दी तशी परत आली नाही.

गर्दी खेचण्यात 'झिंगा'चा हात कोणी धरला नाही. मार्क पिंकस यांच्या या कंपनीने जून २००९ मध्ये 'फार्मव्हिल' आणलं. अमित महाजन आणि त्यांच्या साथीदारांनी ते पाच आठवड्यांत उभं केलं होतं. ऑफिसात बसलेली माणसं पडद्यावर नांगरट करू लागली. स्ट्रॉबेरी चार तासांत तयार व्हायची. महाबळेश्वर-पाचगणीच्या शेतकऱ्याने ऐकलं तर कपाळाला हात लावला असता. गहू तीन दिवसांत. मात्र वेळेवर काढणी केली नाही तर पीक सुकून जायचं. खरी मेख इथेच होती. दुपारी दोनला पेरलेली स्ट्रॉबेरी संध्याकाळी काढलीच पाहिजे, म्हणून माणूस पुन्हा फेसबुकवर येणार. शेत वाढवायचं तर शेजारी हवेत, म्हणून तो मित्रांना आमंत्रणं धाडणार. थांबायचं नसेल, तर पैसे मोजणार. बल्गेरियातल्या प्लोवदिव शहरात एका नगरसेवकाला सभेत फार्मव्हिल खेळल्याबद्दल २०१० मध्ये समितीवरून काढलं गेलं, तेही मतदान घेऊन!

ऐन भरात महिन्याला आठ कोटींहून अधिक लोक फार्मव्हिल खेळत होते. न खेळणारे मात्र वैतागले होते. 'मला खत पाठव', 'माझ्या शेताला कुंपण लाव' अशा मागण्यांनी त्यांचा फीड भरून जायचा. मार्च २०१० मध्ये फेसबुकने ॲप्सना नोटिफिकेशन पाठवायची वाट बंद केली, आणि त्याच वर्षी पुढे खेळांच्या बातम्या न खेळणाऱ्यांना दिसेनाशा केल्या. सामान्य वापरकर्त्याला हायसं वाटलं. ॲपवाल्यांचा ओघ आटला. २०११ च्या जुलैपासून आणखी एक फास आवळला: खेळातली खरेदी फेसबुकच्याच 'क्रेडिट्स'मधून व्हायला हवी, आणि त्यातले ३० टक्के फेसबुकचे.

फेसबुक आणि झिंगा एकमेकांत किती गुंतले होते, ते फेब्रुवारी २०१२ मध्ये उघड झालं. शेअर बाजारात उतरताना फेसबुकने दाखल केलेल्या कागदपत्रांत लिहिलं होतं की २०११ च्या उत्पन्नातला सुमारे १२ टक्के वाटा एकट्या झिंगाकडून आला. झिंगाचा शेअर डिसेंबर २०११ मध्ये १० डॉलरना बाजारात आला होता. वर्षाच्या आत तो तीन डॉलरखाली घसरला. लोक मोबाइलकडे वळले होते आणि फेसबुकचे पाहुणे आता पूर्वीसारखे फिरकत नव्हते. ३१ डिसेंबर २०२० रोजी मूळ फार्मव्हिल बंद पडलं, कारण ते ज्या फ्लॅश तंत्रावर चालायचं त्याचाच आधार काढून घेतला गेला. तेही दुसऱ्याचंच.

३३५ माणसं

ॲपवाल्यांचा तोटा पैशांत मोजता येतो. वापरणाऱ्यांचं काय झालं, ते एप्रिल २०१८ मध्ये फेसबुकने दिलेल्या एका आकड्यातून कळतं. केंब्रिज विद्यापीठातले अलेक्झांडर कोगन यांचं 'धिस इज युअर डिजिटल लाइफ' हे ॲप भारतात ३३५ जणांनी उघडलं. त्यापायी ज्यांची माहिती बाहेर गेली असू शकते, असे भारतातले लोक ५,६२,४५५.

कारण सरळ आहे. त्या काळच्या नियमांनुसार ॲप उघडणारा माणूस स्वतःच्या माहितीबरोबर मित्रांचीही माहिती द्यायला हो म्हणू शकत होता: जन्मतारीख, गाव, कोणती पानं लाइक केली ते. मित्राला पत्ताही लागत नसे. उघडणारा भारतातच असायला हवा, असंही नव्हतं. न्यू जर्सीतल्या भाच्याने स्वभाव ओळखण्याची प्रश्नमंजुषा सोडवली की साताऱ्यातले मामा यादीत. जगभरात ॲप घेणारे सुमारे २ लाख ७० हजार. माहिती गेलेले ८ कोटी ७० लाखांपर्यंत. ती निवडणूक प्रचाराचं काम करणाऱ्या केंब्रिज ॲनालिटिकाच्या हाती पडली.

यात घरफोडी झालेली नव्हती. दार फेसबुकनेच ॲपवाल्यांसाठी उघडं ठेवलं होतं. नियम मोडला गेला तो पुढच्या टप्प्यावर, माहिती तिसऱ्याला दिली तेव्हा. मित्रांची माहिती देणं बंद होणार, हे फेसबुकने एप्रिल २०१४ मध्येच जाहीर केलं होतं. पण चालू ॲप्सना वर्षभराची मुदत दिली. २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेसबुकला पाच अब्ज डॉलरचा दंड ठोठावला. भारतात सीबीआयने जानेवारी २०२१ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका आणि कोगन यांच्या कंपनीवर गुन्हा नोंदवला.

या प्रकरणानंतर सगळ्याच कंपन्यांनी कवाडं ओढून घेतली. खासगीपणा जपला जाऊ लागला हे खरं, आणि स्पर्धकांना हुसकायला आयतं निमित्त मिळालं हेही तितकंच खरं.

ट्विटरची गोष्ट तर फारच बोलकी. मॅकवर ट्विटर वाचण्यासाठी 'ट्विटरिफिक' हे ॲप २००७ मध्ये बाहेरच्या एका कंपनीने बनवलं. निळा पक्षी ट्विटरशी जोडला गेला तो आधी या ॲपमुळे. तेच ट्विटरिफिक आणि त्याच्यासारखंच 'ट्वीटबॉट' ही ॲप्स जानेवारी २०२३ मध्ये अचानक चालेनाशी झाली. आधी सूचना नाही, नंतर आठवड्याभराने नियमच बदलून बाहेरच्या ॲप्सना मनाई. त्याच वर्षी रेडिटने आपल्या माहितीवर दर लावला. 'अपोलो' हे लोकप्रिय ॲप एकट्याने सांभाळणाऱ्या क्रिस्टियन सेलिग यांनी हिशेब मांडला, तर बिल वर्षाला दोन कोटी डॉलरच्या घरात. ३० जूनला अपोलो बंद झालं.

आपल्याकडचे प्रयोग

भारतात दुसऱ्याच्या मैदानावर न जाता स्वतःचं जाळं विणायचे प्रयत्न झाले, आणि त्यातला एक फार कल्पक प्रयत्न मुंबईतून झाला. आयआयटी मुंबईत शिकलेले बिरुद शेठ यांच्या कंपनीने २००७ मध्ये 'एसएमएस गपशप' सुरू केलं. स्मार्टफोन नव्हते, इंटरनेट महाग. पण साधा फोन घरोघर पोचला होता. कोणीही गट काढावा, एक एसएमएस करावा, तो गटातल्या सगळ्यांना जावा. विनोद, क्रिकेटचा स्कोअर, भक्तिसंदेश, सगळं चालायचं. अडचण एकच. हजार जणांच्या गटाला पाठवलेला एक निरोप म्हणजे हजार एसएमएस, आणि त्यांचे पैसे मोबाइल कंपन्यांना मोजायचे गपशपने. गट जितका मोठा तितका तोटा मोठा. निरोपाच्या शेपटीला जाहिरात जोडून तो भरून निघेना. २०११ मध्ये दूरसंचार नियामक 'ट्राय'ने एसएमएसवर निर्बंध आणले. पुढे कंपनीने मोहरा बँका आणि व्यापाऱ्यांचे निरोप पोचवण्याकडे वळवला, आणि २०२१ मध्ये तिचं मूल्य १ अब्ज ४० कोटी डॉलर ठरलं. आज ती व्यापाऱ्यांचे निरोप व्हॉट्सॲपवरूनही पोचवते, म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या मैदानावरून.

'शेअरचॅट'ची सुरुवात सचिनच्या नावाने झाली असं तिचे संस्थापक सांगतात. आयआयटी कानपूरच्या अंकुश सचदेवा यांना फेसबुकवर सचिनच्या चाहत्यांनी व्हॉट्सॲप गटासाठी आपले फोन नंबर लिहून ठेवलेले दिसले. त्यांनी हजारेक नंबर उचलले, शंभर-शंभरांचे दहा गट केले आणि नाव दिलं सचिन तेंडुलकर. क्षणात चित्रं, विनोद, सुविचार यांचा पाऊस पडू लागला. लोकांना आपल्या भाषेत, पुढे ढकलण्याजोगं काहीतरी हवं होतं. २०१५ मध्ये कंपनी निघाली, आणि मराठीसह भारतीय भाषांतल्या मजकुराचं ती मोठं कोठार बनली. तिच्या वाढीतलं सर्वांत मोलाचं बटण होतं 'व्हॉट्सॲपवर पाठवा'.

बंगळुरूच्या 'कू'ने ट्विटरला भारतीय पर्याय व्हायचं ठरवलं. सरकार आणि ट्विटर यांचं २०२१ मध्ये वाजलं तेव्हा मंत्र्यांनी तिकडे खाती उघडली. मराठीत लिहायची सोय चांगली होती. पण वाद शमला तशी वर्दळही ओसरली. मोठ्या कंपन्यांशी झालेली बोलणी फिसकटली आणि जुलै २०२४ मध्ये कूची पिवळी चिमणी उडून गेली, ॲप बंद झालं. ॲप उत्तम बनवता येतं. आपली माणसं आधीच जिथे बसली आहेत तिथून त्यांना उठवणं, हे कोणत्याही कोडने साधत नाही.

मालक नसलेलं मैदान

या पेचातून वाट काढायचा एक प्रयत्न सध्या चालू आहे. ऑयगेन रोखको या जर्मनीतल्या तरुणाने २०१६ मध्ये 'मॅस्टडॉन' बनवलं. त्यात एक कंपनी नाही; हजारो सर्व्हर आहेत आणि एकावरचा माणूस दुसऱ्यावरच्याशी बोलू शकतो, जसा जीमेलवाला याहूवाल्याला पत्र पाठवतो. या बोलण्याचे नियम, 'ॲक्टिव्हिटीपब', जानेवारी २०१८ मध्ये वेबचे मानदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने मान्य केले. सर्व्हर पटला नाही तर अनुयायी बरोबर घेऊन दुसरीकडे जाता येतं. ट्वीटबॉट बंद पडल्यावर त्याच्या कर्त्यांनी काही दिवसांतच मॅस्टडॉनसाठी 'आयव्हरी' हे ॲप आणलं. तिथे त्यांना एका मालकाच्या लहरीवर हाकलता येणार नाही.

पण सर्व्हरचं भाडं कोण भरणार, शिवीगाळ करणाऱ्याला आवरणार कोण, हे प्रश्न तिथेही आहेत, आणि बहुतेक ठिकाणी ते चार हौशी माणसांच्या वर्गणीवर आणि रात्रीच्या जागरणावर भागवले जातात. माणसंही अजून तिकडे थोडीच.

पुण्यात, नाशकात, नागपुरात आज शेकडो तरुण व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम आणि यूट्यूबच्या आधाराने काही ना काही उभं करत आहेत. त्यांनी या मैदानांवर जाऊच नये, असं कोणी शहाणा सांगणार नाही. माणसं तिथेच आहेत. मात्र ग्राहकाचा फोन नंबर आणि ईमेल त्याच्या संमतीने स्वतःच्या वहीत असावा, पैसे घेण्याची वाट स्वतःची असावी, आणि कामाला लागेल तेवढीच माहिती मागावी. संमतीचं आणि गरजेपुरतीच माहिती घेण्याचं बंधन ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेला डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदाही घालतो.

आणि वाचकांसाठी एक काम. फेसबुकच्या सेटिंगमध्ये 'ॲप्स अँड वेबसाइट्स' अशी यादी असते. गेल्या काही वर्षांत आपण कुठे कुठे 'फेसबुकने लॉगिन करा' हे बटण दाबलं, ते तिथे दिसतं. गूगल खात्यातही अशीच यादी आहे. दिवाळीच्या सुट्टीत दहा मिनिटं काढून त्या उघडा. ज्यांची नावंही आठवत नाहीत ती ॲप्स काढून टाका, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवरही हे करून द्या. एवढ्याने त्या ॲपला पुढची माहिती मिळणं थांबतं. आधी घेतलेली माहिती त्याच्याकडे राहू शकते. ती पुसून हवी असेल, तर ॲप बनवणाऱ्याला वेगळं लिहावं लागतं.